डोजच्या पुढे चालणारा मुलगा

वॉटरडीप नावाचं एक बंदर आहे. पृथ्वीच्या नकाशावर ते सापडणार नाही, कारण ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या जगात वसलंय. एड ग्रीनवूड या कॅनेडियन लेखकानं लहानपणापासून मनात रचत आणलेलं हे जग १९८७ साली खेळाडूंच्या हाती आलं. या शहराला राजा नाही. कारभार एक मंडळ पाहतं, आणि मंडळातली माणसं सभेत येतात ती मुखवटे घालून, पायघोळ झगे पांघरून. मुखवट्याच्या जादूमुळे आवाजसुद्धा ओळखू येत नाही. उघड्या चेहऱ्यानं बसतो तो एकच जण. बाकीच्यांपैकी कुणी सावकारी करणारा मर्ट असतो, तर कुणी खानावळ चालवणारा डर्नन. रोज आपल्याला जेवण वाढणारा माणूस रात्री शहराचा निवाडा करतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

यामागचा विचार साधा आहे. ज्याचा चेहराच ठाऊक नाही, त्याला लाच द्यायची कशी आणि धाक घालायचा तरी कुणाला?

कल्पित जगातली बंदरं पुष्कळदा अशीच असतात. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांमधलं ब्रावोस घ्या. खाजणातल्या बेटांवर वसलेलं, गलबतांवर जगणारं हे शहर आपला प्रमुख निवडतं. तिथं गादी बापाकडून मुलाकडे जात नाही. लेखकांना हे सुचतं, कारण बंदराचा स्वभावच तसा आहे. जमिनीवरचं पीक राजाला मोजता येतं, कोठारात भरता येतं. बंदराची दौलत मात्र पाण्यावर असते. ती शेकडो व्यापाऱ्यांच्या गलबतांत, हुंड्यांत आणि शब्दांत वाटलेली असते. एकानं सगळं बळकवायला घेतलं, तर गलबतं शिडं उभारून दुसऱ्या बंदराला लागतील. म्हणून सत्ता कुणा एकाच्या मुठीत जाऊ द्यायची नाही, ही बंदराची रोजच्या पोटापाण्याची गरज असते.

आणि ही गरज ज्या शहरानं सर्वांत चिकाटीनं भागवली, ते शहर खरोखरच होऊन गेलं. त्याचं नाव व्हेनिस.

व्हेनिसच्या प्रमुखाला ‘डोज’ म्हणत. निवड तहहयात. निवडणार कोण, तर ‘महासभा’, म्हणजे खानदानी घराण्यांतल्या पुरुषांची सभा. १२६८ साली या निवडीची जी रीत ठरली, ती वाचताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तरी दोनदा चुकलो.

पहिल्या दिवशी महासभेतले तिशी ओलांडलेले सगळे सभासद जमायचे. एक तरुण अधिकारी सेंट मार्कच्या चर्चमध्ये प्रार्थना करून बाहेर चौकात यायचा आणि समोर जो पहिला आठ-दहा वर्षांचा मुलगा दिसेल, त्याचा हात धरून त्याला आत आणायचा. व्हेनिसचे लोक त्या मुलाला ‘बालोत्तीनो’ म्हणत, म्हणजे गोळ्या काढणारा. जितके सभासद, तितक्या गोळ्या भांड्यात. मुलानं हात घालायचा आणि प्रत्येक सभासदाला एक गोळी काढून द्यायची. खूण केलेल्या गोळ्या फक्त तीस.

म्हणजे सोडतीनं निघाले ३०. त्यांच्यावर पुन्हा सोडत, उरले ९. या नऊ जणांनी निवडायचे ४०, आणि प्रत्येक नावाला नऊपैकी निदान सात मतं हवीत. चाळिसांवर सोडत, उरले १२. त्यांनी निवडले २५. पंचविसांवर सोडत, उरले ९. त्यांनी निवडले ४५. पंचेचाळिसांवर सोडत, उरले ११. त्यांनी निवडले ४१. आणि हे एक्केचाळीस जण कोंडून घेऊन बसायचे, ते ज्याला निदान पंचवीस मतं पडतील असा डोज ठरेपर्यंत.

पहिल्यांदा वाटतं, कशासाठी हा द्राविडी प्राणायाम? पण नीट पाहिलं की वीण उलगडते. ताक घुसळावं तशी ही रीत आहे. रवी एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. सोडत कटाचे धागे तोडते, कारण उद्या निवडणारे कोण असतील, हे आज कुणालाच ठाऊक नसतं. पैसे चारायचे कुणाला? पण नुसत्या सोडतीवर सोडलं, तर नालायक माणूसही नशिबानं वर येईल. म्हणून दुसऱ्या सोडतीपासून पुढे प्रत्येक सोडतीनंतर मतदान येतं, आणि तेही साध्या बहुमताचं नाही. नवांपैकी सात मतं मिळवायची, तर विरोधी गटातल्या कुणालातरी तुमचं नाव सहन व्हावं लागतं. २००७ साली मिरांडा मोब्रे आणि डीटर गोलमन या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी हीच रीत गणितानं तपासली. लहान गटांनाही वाव मिळतो, तरी जास्त पसंतीच्या उमेदवाराचीच जिंकण्याची शक्यता अधिक राहते, असं त्यांना आढळलं.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायलाच हवं. त्या गोळीला व्हेनिसमध्ये ‘बालोत्ता’ म्हणत. इंग्रजीतला ‘बॅलट’ तिथूनच आला आणि पुढं आपल्याकडच्या बॅलट पेपरपर्यंत पोहोचला. मतदानाच्या गोळ्या कापडाच्या असत, म्हणजे पेटीत टाकताना आवाज होऊ नये. कुठल्या कप्प्यात पडली, हे शेजाऱ्याच्या कानालासुद्धा कळू नये, एवढी ती काळजी.

आणि तो मुलगा आपल्याला परका आहे का? महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा शाळेच्या गणवेशातली मुलं पारदर्शक पिंपातून चिठ्ठ्या काढताना आपण पाहतोच. तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या मंदिरात पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, ९१९ आणि ९२१ या सालांतले शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रावर नावं लिहून ती घागरीत टाकायची आणि आत काय आहे हे न कळणाऱ्या लहान मुलाकडून काढायची, असा नियम त्यांत कोरला आहे. व्हेनिसच्या तीन शतकांहून अधिक आधी! एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर शोधलं: ज्याला अजून कुणाशी काही देणंघेणं नाही, त्याचा हात.

एवढा खटाटोप करून निवडलेल्या डोजला अधिकार तरी किती? सोनेरी वस्त्रं, शिंगासारखी टोकदार टोपी, समुद्राशी लग्न लावण्याचा वार्षिक सोहळा, हे सगळं त्याचं. पण गादीवर बसताना त्याला एक लांबलचक शपथपत्र वाचावं लागे. परराज्यांची पत्रं एकट्यानं उघडायची नाहीत. भेटवस्तू घ्यायच्या नाहीत. चालतील ती फुलं, सुगंधी पानं आणि गुलाबपाणी. शहराच्या सहा विभागांचे सहा सल्लागार सतत शेजारी. एक डोज वारला की एक समिती त्या शपथपत्रात आणखी कुठं टाके घालायचे ते पाही, आणि दुसरी मेलेल्या डोजचे हिशेब तपासी. गफलत निघाली, तर दंड वारसांनी भरायचा.

याच अविश्वासातून १३१० मध्ये, एक उठाव मोडल्यावर, ‘दहांचं मंडळ’ जन्मलं. राज्याविरुद्धचे कट शोधणं हे त्याचं काम. त्याचा दरारा एवढा, की त्याच्या नावानं लोक आवाज खाली आणत. पण त्या दहांवरही मुदत होती: एका वर्षाची नेमणूक, लगेच फेरनिवड नाही, आणि तिघे प्रमुख दर महिन्याला बदलायचे. १३५५ साली डोज मारीनो फालिएर यानंच सत्ता बळकवायचा कट केला, तेव्हा याच मंडळानं त्याचा शिरच्छेद केला. आज डोजच्या राजवाड्यात महासभेच्या दालनात वर नजर टाकली, तर डोजांच्या चित्रांची रांग दिसते. फालिएरच्या जागी फक्त काळं कापड रंगवलं आहे.

यातली खोटही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. १२९७ पासून महासभेचं दार मोजक्या घराण्यांपुरतं बंद होत गेलं. गलबत बांधणारे सुतार, वल्ही मारणारे खलाशी, काच फुंकणारे कारागीर आणि सगळ्या बायका या खेळाच्या बाहेरच राहिल्या. सोळाव्या शतकात लाखाहून मोठ्या शहरात सभासद होते अडीच हजारांच्या आसपास. त्यांनी आपसांत सत्ता फार हुशारीनं वाटली. शहरात मात्र वाटली नाही. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या फौजेच्या धाकानं महासभा शेवटची भरली. सहाशे सभासद हवे होते, आले ५३७, आणि त्यांतल्या ५१२ जणांनी स्वतःच्याच राज्याच्या विसर्जनाला मत दिलं.

तरी १२६८ ची ती रीत तोवर पाचशे वर्षांहून जास्त टिकली होती. मुखवट्यांचं वॉटरडीप वाचताना म्हणूनच मला व्हेनिस आठवतं. तिथं सत्ताधाऱ्याचा चेहरा झाकला. इथं निवडणाऱ्याचं नाव शेवटच्या घटकेपर्यंत त्याच्या स्वतःपासूनही झाकलेलं राहिलं. आणि त्यासाठी लागली ती जादू एका पोराच्या मुठीत मावणारी होती.

सोळाव्या शतकात मात्तेओ पागान यानं डोजच्या मिरवणुकीचं एक लांबलचक काष्ठचित्र कोरलं. ध्वज, कर्णे, अधिकारी असे सगळे त्यात ओळीनं चालले आहेत. मागून छत्राखाली डोज येतो. त्याच्या पुढच्या घोळक्यात, मोठ्या माणसांच्या झग्यांमधून, एक लहान मुलगा चालतो आहे. तोच बालोत्तीनो. चौकातून हात धरून आणलेला तो मुलगा पुढे, आणि सगळ्या व्हेनिसचा प्रमुख त्याच्या मागे.