गणवेशातला गिटारवाला

अर्धी चड्डी, ब्लेझर, टाय, डोक्यावर टोपी आणि गळ्यात गिटार. ‘एसी/डीसी’ या रॉक बँडचा अँगस यंग २०२५ मध्ये सत्तर वर्षांचा झाला, आणि त्या वर्षीच्या दौऱ्यातही तो याच शाळकरी वेशात मंचावर उतरला. अंगात आल्यासारखा हा माणूस तासन्‌तास वाजवतो कसा?

अँगसचा जन्म ग्लासगोचा. १९६३ मध्ये यंग कुटुंब सिडनीला आलं. थोरला भाऊ जॉर्ज ‘ईझीबीट्स’ या बँडमुळे साठच्या दशकातच गाजला होता. १९७३ मध्ये माल्कम आणि अँगस या धाकट्या भावांनी स्वतःचा बँड काढला, तोच ‘एसी/डीसी’. गणवेशाची कल्पना बहीण मार्गारेटची.

मंचावर अँगस चक बेरीच्या बदकचालीने सुटतो, जमिनीवर लोळण घेत गरागरा फिरतो, तरी सूर हलत नाही. त्याची गिब्सन एसजी पातळ आणि हलकी आहे, वरच्या पट्ट्यांपर्यंत बोटं सहज पोचतात. सत्तरच्या दशकातच त्याने वायरलेस यंत्रणा घेतली आणि तारेचा पाश सुटला. आवाज घडतो तो मुख्यतः मार्शल अँप्लिफायरमधून. पायाशी इफेक्ट पेडलची रांग नसते. त्याच्या सोलोंचा पाया ब्लूजची पाच सुरांची मायनर सप्तकपट्टी: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचे सूर हेच. अँगस तार ओढून सूर वर चढवतो आणि त्या ताणात कंप भरतो.

पण हे हुंदडणं परवडलं, कारण मागे ड्रमजवळ माल्कम खिळल्यासारखा उभा असे. ऱ्हिदम गिटारवर मोजके कॉर्ड, आणि कॉर्डइतकाच नेमका विराम. ‘बॅक इन ब्लॅक’ या गाण्याची सुरुवात ऐका: प्रत्येक आघातानंतर मोकळी जागा सोडलेली आहे. दणका बसतो तो त्या जागेमुळे.

‘यांची सगळी गाणी सारखीच’ ही टीका जुनी आहे, आणि बरीचशी खरीही. मात्र याच ठाशीव चौकटीने बँड तगवला. फेब्रुवारी १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट गेला. जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम आला आणि जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये जाऊन बसला. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कम थांबला, २०१७ मध्ये गेला. त्याची जागा पुतण्या स्टीव्हीने घेतली. काकाचे रिफ त्याला नव्याने सजवायचे नव्हते, घड्याळासारखे चालू ठेवायचे होते. २०२० च्या ‘पॉवर अप’मधल्या प्रत्येक गाण्यावर अँगसबरोबर माल्कमचंही नाव आहे, कारण दोघांनी जमवलेल्या रिफचा साठा अजून संपलेला नव्हता. अँगसची अचाट ऊर्जा डोळ्यांत भरते. पन्नास वर्षं ती टिकली ती भावाने आखून दिलेल्या शिस्तीवर.