चाकांवरचा वानप्रस्थ : निवृत्तीनंतरचे फिरते घर कसे निवडावे?

सेवानिवृत्तीनंतर काशी-रामेश्वराची यात्रा करावी, ही आपल्याकडची जुनी प्रथा. यात्रा आटोपली की यात्रेकरू घरी परततो. अमेरिका व कॅनडात मात्र निवृत्त दांपत्यांचा एक वर्ग घरच सोबत घेऊन निघतो. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांची व डॉक्टरांची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. मुले निरनिराळ्या राज्यांत विखुरलेली असताना, हिवाळा ॲरिझोनात आणि उन्हाळा नातवंडांजवळ काढावा, असा विचार त्यांच्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा दीर्घ प्रवासासाठी जे फिरते घर विशेष पसंत केले जाते, ते म्हणजे ‘फिफ्थ व्हील’.

नाव आणि रचना

घोडागाडीचा पुढचा आस सुलभतेने वळावा म्हणून सांगाड्याखाली एक आडवे चाक बसविलेले असे. चार चाकांखेरीजचे ते पाचवे चाक. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात याच तत्त्वावर ‘एरोकार’ हे ओढून न्यावयाचे घर तयार केले. आजच्या फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो आणि तेथील जोडणीत अडकतो. भार ट्रकच्या मागील आसावर पडत असल्याने, मागच्या टोकाला जोडलेल्या साध्या ट्रेलरच्या तुलनेत हे घर वाऱ्याने कमी हेलकावते. मुक्कामी पोहोचल्यावर घर उभे करून केवळ ट्रक घेऊन बाजारहाट करता येतो. इंजिन असलेल्या मोटारघरात ही सोय नाही. ते दुरुस्तीला गेले की घरच कारखान्यात जाते.

प्रथम वजनाचा हिशेब

बहुतेक ग्राहक अंतर्गत सजावट पाहून निर्णय घेतात. वास्तविक पहिला प्रश्न वजनाचा असावा, कारण त्यावर जीविताची सुरक्षितता अवलंबून असते.

प्रत्येक ट्रेलरवर दोन आकडे महत्त्वाचे असतात : रिकामे वजन आणि भरलेल्या अवस्थेतील कमाल अनुज्ञेय वजन. उदाहरणादाखल, रिकामे वजन ११,५०० पौंड व कमाल वजन १४,००० पौंड (सुमारे ६,३५० किलो) असेल, तर सामानासाठी २,५०० पौंड उरतात. अमेरिकन गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड भरते. म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड तेथेच संपले. उरलेल्या २,००० पौंडांत कपडे, भांडी, धान्य, पुस्तके, हत्यारे असा सारा संसार बसवावयाचा असतो. कारखान्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनात विक्रेत्याने नंतर बसविलेली उपकरणे धरलेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा हिशेब ट्रकचा. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारणतः १५ ते २५ टक्के भार प्रत्यक्ष ट्रकवर येतो. वरील उदाहरणात २० टक्के धरल्यास तो २,८०० पौंड होतो. त्यात जोडणीचे सुमारे १८० पौंड, पती-पत्नीचे ३२० पौंड आणि हत्यारपेटीचे १०० पौंड मिळविले की बेरीज ३,४०० पौंडांवर जाते. ट्रक किती भार पेलू शकतो, हे चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. जाहिरातीत ठळकपणे झळकते ती ओढण्याची क्षमता. परंतु पेलण्याची क्षमता बहुधा तिच्याआधी संपते. विक्रेत्याच्या ‘हा ट्रक सहज ओढेल’ या आश्वासनापेक्षा त्या पट्टीवरचा आकडा प्रमाण मानावा. म्हणून आधी ट्रेलर निश्चित करून मग ट्रक घेणे श्रेयस्कर. ट्रक आधीच घेतला असल्यास ट्रेलर त्याच्या मापाचाच शोधावा. प्रत्यक्ष प्रवासापूर्वी भरलेली गाडी महामार्गावरील ट्रकतळाच्या वजनकाट्यावर अवश्य तोलून घ्यावी.

परवान्याचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून अधिक कमाल वजनाच्या फिफ्थ व्हीलसाठी परवान्यावर विशेष नोंद लागते, तर १५,००० पौंडांपुढे वरच्या वर्गाचा परवाना घ्यावा लागतो.

लांबी, उंची आणि गुडघे

मोठे घर मुक्कामी सुखाचे आणि रस्त्यावर कष्टाचे. राष्ट्रीय उद्यानांतील अनेक तळ कित्येक दशकांपूर्वी आखलेले आहेत. तेथे चाळीस फुटी ट्रेलरला जागा मिळणे कठीण. अनेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच आहे आणि मोठी फिफ्थ व्हील घरे तिच्या जवळपास पोहोचतात. आपल्या घराची उंची चालकासमोर लिहून ठेवावी.

मुक्कामावर भिंतीबाहेर सरकणाऱ्या खोल्यांमुळे घर प्रशस्त वाटते. पाहणी करताना मात्र या खोल्या बंद करावयास सांगावे. त्या स्थितीत स्वयंपाकघर, शौचालय व बिछान्यापर्यंत जाता येत नसेल, तर वाटेतील विश्रांती गैरसोयीची ठरते. शयनगृह बहुधा ट्रकवर येणाऱ्या उंच भागात असते व तेथे पायऱ्या चढून जावे लागते. आज साठीत सुकर वाटणाऱ्या या पायऱ्या सत्तरीत रात्रीच्या वेळी कशा वाटतील, याचा विचार आताच करावा. पसंत पडलेल्या घरात तासभर बसून पाहावे, ओट्याशी उभे राहावे, न्हाणीघरात वळून पाहावे.

विजेच्या बाबतीत ३० अँपिअरची जोडणी ३,६०० वॅट, तर ५० अँपिअरची १२,००० वॅट देते. दोन वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालवावयाची असल्यास दुसरीच हवी.

कागदपत्रे बारकाईने वाचावीत

अनेक उत्पादकांच्या हमीपत्रात हे वाहन सहलीसाठी आहे, कायमच्या निवासासाठी नाही, असे कलम असते. कायम वास्तव्य केल्यास हमी मर्यादित किंवा रद्द होऊ शकते. हीच गोष्ट विम्याची. सहलीच्या वाहनाचा साधा विमा अपुरा पडतो. कायम राहणाऱ्यांसाठी घराप्रमाणे सामान व दायित्व यांना संरक्षण देणारा वेगळा विमा घ्यावा लागतो.

वापरलेले घर घेतल्यास पहिल्या वर्षांतील मोठी किंमतघट आधीच्या मालकाने सोसलेली असते. तथापि छतातून झिरपलेले पाणी हा त्यातील मोठा धोका होय. कोपऱ्यांतील डाग, मऊ पडलेली जमीन आणि फुगलेली बाह्यभिंत ही त्याची लक्षणे. टायरवरील संकेतांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुना टायर विश्वासार्ह नसतो. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे हा खर्च नसून बचत आहे.

पैसा, पत्ता आणि प्रकृती

घराची किंमत वाढू शकते. फिरत्या घराची घटतच जाते. दीर्घ मुदतीच्या कर्जात मुद्दल हळूहळू फिटते आणि किंमत मात्र वेगाने उतरते. मध्येच विकावे लागल्यास आलेल्या रकमेतून कर्जही न फिटण्याची वेळ येते. म्हणून राहते घर विकण्यापूर्वी एक-दोन महिने भाड्याच्या वाहनात काढून पाहावेत. मासिक अंदाजपत्रकात तळाचे भाडे, इंधन, विमा, दुरुस्ती व दूरध्वनी-इंटरनेट यांबरोबरच भारतात येण्याच्या काळातील वाहनतळाचे भाडेही धरावे. हिवाळ्यात घर बंद ठेवताना नळांतील पाणी काढले नाही, तर ते गोठून नळ फुटतात.

कायम प्रवासातही कायदेशीर पत्ता लागतोच. टेक्सास, फ्लोरिडा व साउथ डकोटा येथे राज्याचा आयकर नसल्याने अनेक जण तेथील पत्ता स्वीकारतात. १९७८ मध्ये स्थापन झालेला ‘एस्केपीज’ हा क्लब टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून सदस्यांची टपाल पुढे पाठविण्याची व्यवस्था करतो. वयाच्या ६५ व्या वर्षी मिळणारे मूळ मेडिकेअर ते स्वीकारणाऱ्या देशभरातील कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांच्या पर्यायी योजना मात्र पुष्कळदा ठरावीक क्षेत्रापुरत्या असतात. भारतातील उपचारांना सर्वसाधारणपणे यांपैकी मूळ मेडिकेअर लागू होत नाही. ६२ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीव प्रवेशपास ८० डॉलरमध्ये मिळतो; अनेक केंद्रीय तळांवर त्यामुळे भाडेही निम्मे होते.

शेवटी, गाडी जोडणे, सोडणे व चालविणे पती-पत्नी दोघांनाही यावयास हवे. प्रवासात एकाची प्रकृती बिघडली, तर दुसऱ्याला घर हलविता आले पाहिजे. केव्हातरी चाके थांबणारच. लिव्हिंग्स्टन येथे प्रवास न झेपणाऱ्या सदस्यांसाठी स्वतःच्याच फिरत्या घरात राहून साहाय्य मिळण्याची सोय केलेली आहे, ती याच जाणिवेतून. निघण्याच्या दिवसाइतकीच थांबण्याच्या दिवसाची तरतूद ज्यांनी केली आहे, त्यांनी हे घर निश्चिंत मनाने निवडावे.