सक्तीने आलेला शिपाई

पहिल्या महायुद्धातले सैनिक : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण विमी रिजपर्यंत आलो होतो. एप्रिल १९१७ मध्ये कॅनडाच्या चारही डिव्हिजन तिथे पहिल्यांदाच एकत्र लढल्या आणि त्यांनी ती टेकडी घेतली. पण त्यासाठी चार दिवसांत दहा हजारांहून अधिक माणसं कामी आली किंवा जखमी झाली. त्यांच्या जागा भरायला माणसं आणायची कुठून? स्वखुशीने येणाऱ्यांचा ओघ तोवर आटला होता. सक्ती करणार नाही, असं पंतप्रधान रॉबर्ट बॉर्डन यांनी युद्धाच्या सुरुवातीला सांगितलं होतं. मे १९१७ मध्ये युरोपातून परतल्यावर त्यांनी तो शब्द मागे घेतला आणि ऑगस्टअखेर सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला.

पहिली पाळी आली ती २० ते ३४ वयाच्या अविवाहितांची आणि मूलबाळ नसलेल्या विधुरांची. नोंदणी सुमारे चार लाखांची झाली आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी सूट मागितली. शेती बघायला दुसरं कोणी नाही, घरात कमावता एकटाच, तब्येत साथ देत नाही, अशी एकेक कारणं स्थानिक न्यायमंडळांपुढे मांडली गेली. सूट मागणारे फक्त क्यूबेकचे फ्रेंचभाषकच होते, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. ऑन्टॅरिओतले आणि प्रेअरीतले इंग्रजीभाषक शेतकरीही त्याच रांगेत होते. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी पश्चिम आघाडीवर मोठा हल्ला चढवला. त्यानंतर सरकारने २० ते २२ वर्षांच्या तरुणांना दिलेली सूटही काढून घेतली. ऐन पेरणीच्या दिवसांत पोरं उचलली म्हणून हजारो शेतकरी ओटावावर धडकले.

कायद्याखाली सुमारे सव्वा लाख माणसं सैन्याच्या पटावर आली, पण युद्ध संपेपर्यंत फ्रान्समध्ये पोचली ती २४ हजारांच्या आसपास. तेव्हा सारा खटाटोप पाण्यात गेला का? बेरजेपुरतं पाहिलं तर तसं वाटतं. ही माणसं कधी पोचली ते पाहिलं की उत्तर बदलतं.

८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँची लढाई सुरू झाली आणि पुढचे तीन महिने कॅनेडियन कोअर जवळपास अखंड पुढे सरकत राहिली. या काळात तिचे ४५ हजारांवर सैनिक ठार किंवा जखमी झाले. खंदकाच्या आडोशाची लढाई संपून उघड्या मैदानातली सुरू झाली होती आणि तिचा सगळा मार पायदळावर पडत होता. माणसं कमी पडल्याने ब्रिटिशांनी डिव्हिजनमागे बारा पलटणींच्या नऊ केल्या होत्या. जनरल आर्थर करी यांनी मात्र कॅनडाच्या बारा तशाच ठेवल्या. लढाईगणिक रिकाम्या होणाऱ्या या पलटणींमध्ये जी कुमक येत होती, तीत सक्तीने आलेले शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वेगळ्या पलटणी नव्हत्या. इंग्लंडमध्ये कवायत, बंदूक आणि गॅसच्या मुखवट्याचा सराव झाला की त्यांना जुन्या सैनिकांच्या तुकड्यांत पाठवत. शेजारचा गडी दोन वर्षं लढलेला आणि हा कालच आलेला, पण हल्ल्याची वेळ झाली की दोघांनाही एकदमच निघावं लागे.

जॉर्ज लॉरेन्स प्राइस हा त्यांच्यातलाच एक. जन्म नोव्हा स्कोशियातला, पण तरुणपणी तो सस्कॅचेवानमधल्या मूस जॉला येऊन राहिला आणि तिथूनच त्याची सक्तीने भरती झाली. तो २८ व्या पलटणीत होता. ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी, शस्त्रसंधीवर सह्या होऊन काही तास उलटले असताना, त्याची छोटी टोळी मॉन्सजवळ एक कालवा ओलांडून व्हिल-स्युर-हेन गावात शिरली. पलीकडच्या विटांच्या घरांमधून मशीनगनचा मारा होत होता. ते एका घरात घुसले, तर जर्मन मागच्या दाराने निसटलेले. शेजारचं घरही रिकामंच निघालं. प्राइस रस्त्यावर आला आणि जर्मन नेमबाजाची गोळी त्याच्या छातीत लागली. १० वाजून ५८ मिनिटांनी तो गेला. अकराला तोफा थांबल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात त्या युद्धात पश्चिम आघाडीवर पडलेला शेवटचा सैनिक म्हणून या पंचवीस वर्षांच्या शिपायाचं नाव घेतलं जातं.

सक्तीने आलेल्यांना मायदेशी कामचुकार ठरवलं गेलं आणि स्वयंसेवकांच्या गौरवगाथेत त्यांना जागाच उरली नाही. हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. घरची शेती, म्हातारे आईबाप किंवा नुसती जगण्याची ओढ यापायी माणूस सूट मागतो, यात भ्याडपणा कसला? आणि सूट नाकारली गेल्यावर त्याच माणसाने बाकीच्यांइतकाच मार सोसला. तो सैन्यात कसा आला यावरून त्याची किंमत ठरवायची असेल, तर आघाडीवर त्याने काय केलं हे आपण पाहतच नाही.

पुढच्या आठवड्यात : १९१८ च्या ईस्टरला क्यूबेक शहरात याच कायद्यावरून दंगल उसळली, सैन्याने गोळीबार केला आणि चार नागरिक मारले गेले. त्या चार-पाच दिवसांची हकिगत.