सात वाजताचा टेम्पो

पुण्यात आमच्या कॉलेजच्या वाटेवर एक मजूर अड्डा आहे. सकाळी सातच्या सुमारास मी तेथून जातो, तेव्हा थापी-ओळंब्याची पिशवी काखेत मारलेले गवंडी, घमेली पुढे ठेवून बसलेल्या बिगारी बाया, रंगारी, फरशीवाले अशी शे-दीडशे माणसे रस्त्याच्या कडेला ताटकळत असतात. ठेकेदाराचा टेम्पो आला की त्याच्याभोवती गर्दी होते, रोजाचा भाव ठरतो आणि काही माणसे निघून जातात. उरलेली पुढच्या टेम्पोची वाट पाहतात.

मी मराठीचा प्राध्यापक. अर्थशास्त्राशी माझा संबंध पहिल्या तारखेपुरता. तरीही देशाचा गाडा कसा चालला आहे, हे मला वर्तमानपत्रापेक्षा या अड्ड्यावर लवकर कळू लागले आहे. ही विद्या मला शिकवली एका वयस्क गवंड्यांनी. मराठवाड्यातून आलेले हे गृहस्थ. सारा अड्डा त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. "काय मामा, काम कसं काय?" असे विचारले की ते टेम्पोची वेळ सांगतात. "सात वाजता टेम्पो आला म्हंजे बरं चाललंय, सर. नऊपर्यंत नुसतं उभं ऱ्हायलो, की घरी फोन करायचा, पैसे उशिरा येतील म्हणून."

असे का व्हावे, याचा विचार करताना मला एक गोष्ट उमगली. बांधकाम हा उद्याच्या भरवशावर उभा असलेला धंदा आहे. 'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज सांगून गेले. पण शहरातला मध्यमवर्गीय घर बांधत नाही, बांधण्याआधीच विकत घेतो! तो पुढच्या वीस वर्षांच्या पगारावर आज कर्ज काढतो. बिल्डर त्याच्या पैशावर आणि आणखी कर्जावर पाया खणतो. सिमेंट, लोखंड, खडी उधारीवर येते. ठेकेदार बिल मंजूर होण्याची वाट पाहतो. या साखळीत सगळ्यांचा उद्यावर विश्वास असेल तोवर मजले चढतात. तो डळमळला की तांदूळ, मीठ कोणी थांबवत नाही. घराचा विचार मात्र 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून बाजूला ठेवला जातो. म्हणून मंदीची चाहूल आधी लागते ती बांधकामाला.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०१७ साली आम्ही एक सदनिका नोंदवली. ताबा २०१९ च्या दिवाळीत मिळायचा होता. आदल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदी झाली होती. २०१७ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात रेरा कायद्याचा अंमल सुरू झाला आणि जुलैत जीएसटी आला. हे धक्के पचवून इमारत चौथ्या स्लॅबपर्यंत पोचली. मग सप्टेंबर २०१८ मध्ये आय.एल. अँड एफ.एस. ही बडी वित्तसंस्था देणी चुकवू लागली. बिल्डरांना कर्ज देणाऱ्या अनेक संस्थांना त्याचा धसका बसून त्यांनी हात आखडता घेतला. ज्या कंपनीचे नाव मी जन्मात ऐकले नव्हते, तिच्या अडचणीने आमचा पाचवा मजला अडला!

रेरात ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आहे. त्यामुळे आमची इमारत रेंगाळली, पण बुडाली नाही. ताबा मिळाला २०२२ साली.

मध्ये करोना येऊन गेला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे २४ टक्क्यांनी घटले. बांधकाम मात्र निम्म्यावर आले. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत बांधकाम ६८ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. सौ. म्हणाली, "अहो, शंभराचे पन्नास झाले, आणि पन्नासात अडुसष्ट टक्के वाढले, तर किती होतात?" चौऱ्याऐंशी! म्हणजे मूळ जागी पोचायला अजून सोळा कमीच. तेव्हापासून वाढीचा आकडा दिसला की 'कशावर वाढ?' असे विचारायची आम्हाला सवय लागली आहे.

दुसरा हिशेब तिने व्याजाचा मांडला. मुंबईत रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती रेपो दर ठरवते. मे २०२२ पर्यंत तो ४ टक्के होता. महागाई आवरण्यासाठी फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला. समजा, वीस वर्षांच्या मुदतीचे ५० लाखांचे कर्ज साडेसहा टक्क्यांनी आहे. हप्ता पडतो सुमारे ३७,३०० रुपये. तेच व्याज नऊ टक्के झाले तर सुमारे ४५,०००. आणि 'जुनाच हप्ता राहू द्या' म्हणावे, तर ५० लाखांचे नऊ टक्क्यांनी महिन्याचे नुसते व्याजच ३७,५०० होते. मुद्दल एका पैशानेही फिटायचे नाही!

पुढे वारे फिरले. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून साडेपाचावर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. अशा बातम्या आल्या की आमच्या स्टाफरूममध्ये पुन्हा दोन खोल्यांच्या तीन करण्याच्या गोष्टी सुरू होतात. मी एवढेच सांगतो, की अंदाज चांगला असला तरी हप्ता मात्र वाईट दिवस धरून ठरवा.

पण आमच्यासारख्यांचे निभावते. आम्हाला पगार आहे, रेरा आहे. बांधकाम मजुरांसाठीही १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळे स्थापन झाली. मात्र नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला मागितला गेला. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे राबणाऱ्याला तो दाखला कोणी द्यायचा? बाजार थंडावला की बिल्डर थांबतो, आम्ही कुरकुरतो. मजुराचा रोज मात्र त्याच सकाळी बुडतो.

वास्तुशांतीच्या वेळी घर बांधणाऱ्यांपैकी कोणाला तरी जेवायला बोलवावे, असे सौ.च्या मनात होते. मी चौकशी केली. पहिले चार मजले चढवणारी माणसे काम थांबल्यावर पांगली होती. पाचव्यापासून दुसरी आली. कोणाचा पत्ता कोणाकडे नव्हता. शेवटी अड्ड्यावरच्या मामांना बोलावले. ते आले, भिंतीवरून हात फिरवून "प्लास्टर बरं केलंय" म्हणाले आणि पोटभर जेवले.

परवा ते दिवाळीसाठी गावी निघाले होते. मी वर्तमानपत्रातला अंदाज त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. "चांगलं हाय की," ते म्हणाले, "दिवाळीनंतर येतोच. टेम्पो किती वाजता येतोय ते बघू."