भुकूमचा टँकर आणि फाशाचा कौल

1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. टेबलावर ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंना दोन सैन्यं. खेळायला माणसं जरा जास्तच आली, तेव्हा उरलेल्यांना त्याने गावातली सोंगं वाटून दिली: कुणी महापौर, कुणी बँकेचा मालक, कुणी विद्यापीठाचा कुलपती. झालं! सैन्यं राहिली बाजूला आणि मंडळी कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी खलबतं करू लागली. दोघांनी तर थेट द्वंद्वाची भाषा सुरू केली. वेस्लीच्या वहीत द्वंद्वाचा नियमच नव्हता, तो त्याला जागच्या जागी रचावा लागला. आपला खेळ साफ फसला असं त्याला वाटलं. खेळणारे मात्र पुढचा डाव कधी, म्हणून मागे लागले.

त्या कंपूत डेव्ह आर्नेसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळांचा धंदा तिथून सुरू झाला. खेळण्याची रीत सोपी आहे. चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि एक जण उरलेलं सगळं जग सांभाळतो. त्याला म्हणायचं डीएम, म्हणजे डंजन मास्टर. 'मी हा कडा चढतो' असं कुणी म्हटलं की वीस बाजूंचा फासा पडतो आणि चढला की कोसळला ते ठरतं.

आणि पन्नास वर्षं या टेबलांवर एकच भांडण चालू आहे: नियम मोठे की गोष्ट मोठी? भांडण खरं तर त्याहून जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ 1824 मध्ये आला, तोच मुळी फासे, नकाशे आणि नुकसानीचे तक्ते घेऊन. तक्ते चाळण्यात वेळ जायचा. 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेरन्वा या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवायला सांगितलं. पंच अनुभवी आहे ना, मग तो सांगेल तोच निकाल.

मला या प्रश्नाचं उत्तर तळकोकणात सापडतं. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या दशावताराला लिखित संहिता नसते. रंगपटात तोंड रंगवत असतानाच आज कोणतं आख्यान आणि कोण काय होणार हे ठरतं. संवाद उभ्या उभ्या सुचतात, दोन राजे भर रंगात वाद घालतात, आणि कुठे थांबायचं हे समोरच्याच्या नजरेवरून कळतं. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा असलेल्या या माणसांना नियमांचं पुस्तक लागत नाही. का? पुराणातली गोष्ट नटाला ठाऊक, पेटीवाल्याला ठाऊक आणि समोर घोंगडी टाकून बसलेल्या म्हातारीलाही ठाऊक. भीमाने भलतंच काही केलं तर तीच आधी हसेल.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीची मुख्य तीन पुस्तकं मिळून हजाराच्या आसपास पानं होतात, त्याचं कारण हेच. ड्रॅगन किती उंच उडतो हे टेबलावरच्या कुणीच पाहिलेलं नाही, तेव्हा ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. जग परकं असेल तितके नियम जास्त लागतात. ओळखीच्या जगात निम्मं काम आठवणच करते.

आता हेच पुण्याजवळच्या भुकूमला आणून बघू. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, मग भुकूम, पुढे घाट उतरून पिरंगुट. रामनदी इथल्याच खाटपेवाडीच्या तलावाकडून निघते आणि बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. समजा, एप्रिल महिना आहे. पात्रं अशी: एक शेतकरी आजोबा, एक सोसायटीचा चेअरमन, एक प्लॉटिंगवाला एजंट, एक पाण्याच्या टँकरचा चालक आणि एक सरपंचबाई. संध्याकाळी सातला टँकर भूगावच्या कोंडीत अडकेल का, यासाठी फासा कशाला? टेबलावरचे सगळे एका सुरात 'अडकणार' म्हणतील.

फासा लागेल तो सरपंचबाई चेअरमनचं ऐकतील का, इथे. इथे दोघांना दोन वेगळे शेवट हवे आहेत, आणि कुणाचा खरा मानायचा हे ठरवायला तिसरं काहीतरी लागतं. म्हणून या खेळात ताकद आणि चपळाई यांच्या जागी मी 'वट' हा आकडा ठेवेन. काम करून घेतलं की वट एकाने कमी. परत कमवायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीला उभं राहायचं. एवढ्या एका नियमाने भुकूमची गोष्ट उपकारांच्या देवघेवीची होते.

म्हणूनच नियम गोष्टीच्या आड येतात ही तक्रार मला अर्धवट वाटते. 1974 च्या खेळात सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळायचा. राक्षस मारण्यापेक्षा खजिन्यातून सहसा जास्त गुण मिळत. मग शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना लांबवू लागले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शूरवीर आणि आत सगळे भुरटे! जग कितीही भव्य रंगवा, माणसं गुण जिकडे मिळतात तिकडेच जातात. भुकूमच्या खेळात घेतलेल्या दर गुंठ्याला एक गुण ठेवला, तर तासाभरात आजोबासुद्धा एजंट होतील. तोच गुण नदीच्या वाहत्या पाण्याला ठेवा, मग चेअरमन ओढ्यातला राडारोडा मोजताना दिसेल. गाव तेच आणि माणसं तीच. बदलली ती एकच ओळ.

विकतच्या परक्या जगाला माझी ना नाही. पण पहिला डाव मांडायचा असेल तर आपल्याच गावात मांडा. एका कागदाच्या एका बाजूला मावतील एवढेच नियम लिहा, पाच माणसं जमवा आणि रविवारी दुपारी बसा. ज्या जागी खरोखर वाद झाला, तेवढ्या जागेसाठी पुढच्या रविवारी एक नियम वाढवा. जिथे सगळे एकमुखाने हसले, तिथे काही लिहू नका.