हवेतली गर्दी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

रात्रीचे नऊ वाजून दहा-पंधरा मिनिटे झाली की आमच्या घरात एक वाक्य ऐकू यायचे, 'अब्बा, पुन्हा फिरायला लागलं!' फिरायचे ते पडद्यावरचे गोल चक्र. मुलगी परिचारिका भरतीच्या परीक्षेची तयारी करते. तिचा वर्ग रात्री नऊ ते साडेदहा थेट चालतो. शिकवणारे सर पुण्यात आणि ही इकडे शहाद्यात, आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर. सरांचा हात फळ्यावर उचललेला तसाच राहायचा, आवाज तुटायचा, आणि चित्र पुन्हा हलू लागेपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. वर्गाची चित्रफीत दुसऱ्या दिवशी मिळते हे खरे. पण शेवटच्या दहा मिनिटांतली चाचणी त्याच वेळी द्यावी लागते. ती बुडाली की बुडाली.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. यंत्रांशी माझा संबंध पंखा आणि सायकल एवढाच. पण या दुखण्याचा माग काढता काढता मला जे कळले ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल. आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे.

रोज सतत हळू चालणारे वायफाय हे सोपे दुखणे. कधी चालते, कधी अडखळते, हे कठीण. पाळीच्या तापासारखे. डॉक्टर येतो तेव्हा ताप उतरलेला असतो. आमच्याकडेही तसेच. तीन रात्री चक्र फिरायचे, मग आठवडाभर सगळे सुरळीत. तक्रार नोंदवली, माणूस आला, दुपारी दोन वाजता त्याने वेग मोजून दाखवला. आमची जोडणी ४० एमबीपीएसची, पडद्यावर ३८ आले. तो म्हणाला, 'लाइन एकदम ओके आहे चाचा.' त्याचे खोटे नव्हते. आता एक लक्षात घ्या, हा आकडा मेगाबिटचा असतो, मेगाबाइटचा नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसमध्ये सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतात. तरीही स्वच्छ चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. मग ४० असताना अडचण का यावी?

आणखी एक कोडे. दुपारी आमच्या घरात मालिका, सिनेमे पाहिले जातात, ते कधी थांबत नाहीत. याचे उत्तर सोपे निघाले. साठवलेला सिनेमा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि पुढचे तुकडे यंत्र आधीच आणून ठेवते. घरात धान्याची कणगी भरलेली असली की बाजार दोन दिवस बंद राहिला तरी चूल पेटते, तसे. वेग कमी पडला तर यंत्र गुपचूप हलक्या प्रतीचे तुकडे मागवते. चित्र जरा धूसर होते, पण थांबत नाही. थेट वर्गात कणगीच नसते. सर जे बोललेच नाहीत ते आधी आणून कसे ठेवणार? हाताशी दोन-चार सेकंदांचा साठा, तेवढाच. म्हणून थेट प्रक्षेपणात घरातला बारीकसा अडथळाही लगेच उघडा पडतो.

आता माझी चूक. आमच्या शेजारी आप्पा राहतात. भिंतीला भिंत लागून घर. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा धडगाव, अक्कलकुव्याकडची मुले रेंजसाठी टेकड्या चढत होती. त्या मानाने आम्ही सुखी. तेव्हा आप्पांच्या मुलाला मी आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. तो पोरगा आता बारावीला आहे. चक्र फिरायला लागल्यावर माझ्या मनात पहिला संशय कोणाचा आला असेल? मी कोणाला काही बोललो नाही. एका संध्याकाळी पासवर्ड बदलून टाकला. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरळीत चालला. तिसऱ्या दिवशीही. मला पुरावाच मिळाला! ओट्यावर आप्पा भेटले की मी वर्तमानपत्रात डोके घालू लागलो. एकदा त्यांनी विचारले, 'काय व्हयनं भाऊ?' मी म्हटले, 'काही नाही, डोळे दुखतात.'

पुढच्याच आठवड्यात चक्र पुन्हा फिरले.

मग मुलीने कामाची सूत्रे स्वतःकडे घेतली. तिने पहिल्यांदा एक वही घातली. तारीख, वेळ, कोणत्या यंत्रावर अडखळले आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होते. मला हे बाळबोध वाटले. पण अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला वहीसारखे औषध नाही, हे मी आता शपथेवर सांगेन.

मग तारेची परीक्षा. राउटरच्या मागे चौकोनी भोके असतात, त्यात तार लावून लॅपटॉप थेट जोडता येतो. चक्र फिरत असतानाच तिने तार लावली. वर्ग लोण्यासारखा चालू लागला. तार काढली, पुन्हा चक्र! या एका परीक्षेने निम्मी तक्रार निकालात निघते. तारेनेही अडखळत असेल तर दोष रस्त्यावरच्या लाइनचा, नाहीतर संध्याकाळी साऱ्या गावाची गर्दी एकाच दारात झाल्याचा. ऑप्टिकल तार कुठे जास्त दुमडली किंवा उंदराने कुरतडली तर पेटीवर लाल दिवा लागतो, तोही पाहावा. आणखी एक गंमतीचे कारण असते. अमेरिकेतले जिम गेटिस नावाचे संगणकतज्ज्ञ, इंटरनेट कोळून प्यायलेला माणूस, त्यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरी असे दिसले की मोठी फाइल वर चढवायला घेतली की बाकी सगळे रेंगाळते. वाटेतली यंत्रे माल टाकून न देता नको इतका साठवून ठेवतात, त्यामुळे मागून आलेली छोटी, निकडीची चिठ्ठीही ढिगाऱ्याखाली अडकते. या रोगाला त्यांनी 'बफरब्लोट' असे नाव दिले. चांगल्या नव्या राउटरांत त्यावर उपाय असतो.

आमची मात्र तार निर्दोष होती. म्हणजे दोष घरातल्या हवेत.

हवेत दोष म्हणजे काय? लहानपणी आमचे आजोबा आकाशवाणी जळगाव लावायचे तेव्हा ट्रान्झिस्टर हातात घेऊन गोल गोल फिरवायचे. एका दिशेला आवाज स्वच्छ, जरा वळवला की खरखर. आम्ही हसायचो. पण त्या डब्यात फेराइटची कांडी असते, ती एका दिशेलाच नीट ऐकते, तेव्हा आजोबांचे शास्त्र बरोबर होते. ती मीडियम वेव्हची लाट दोनशे ते पाचशे मीटर लांब. ती घरादारांना जुमानत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. एवढ्याशा लाटेला भिंत ही मोठीच गोष्ट. त्यातून आमच्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या, मातीविटांच्या. पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाणी या लाटा पिऊन टाकते. लोखंड तर त्यांना परतवूनच लावते. आमचा राउटर कुठे होता? दिसायला बरा दिसत नाही म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे, पार जमिनीलगत. उभ्या अँटेनातून लाटा आडव्या पसरतात. आमच्या दोन्ही अँटेना कपाटामागे मुडपून खाली केलेल्या. म्हणजे त्यांचे निम्मे बळ वर कौलांकडे आणि खाली फरशीकडे जात होते.

भिंतींवर आपटून लाटेचे प्रतिध्वनी उठतात आणि एकाच शब्दाच्या चार प्रती मागेपुढे येऊन पोहोचतात. हा गोंधळ सोडवण्याची एक मोठी युक्ती ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या हातून निघाली. १९९६ मध्ये त्यांच्या संस्थेला त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आकाशातले क्षीण आवाज ऐकणाऱ्या माणसांनी आपल्या ओसरीवरचा आवाज नीट केला, ही मला कवितेपेक्षाही आवडणारी गोष्ट आहे. असो.

हवेतली दुसरी अडचण म्हणजे शेजार. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे. त्यात तेरा मार्गिका, पण त्या एकमेकींवर चढलेल्या. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. इथे तीन नंबरची मार्गिका अशीच एक आणि सहा या दोघींच्याही अंगणात पाय पसरून बसते. खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशा तीनच : एक, सहा आणि अकरा. मोबाइलवर फुकट मिळणारे एक साधन लावले की आसपासचे सारे राउटर कोणत्या मार्गिकेवर आहेत ते दिसते. आमच्या गल्लीत चौदा दिसले, त्यातले नऊ सहा नंबरवर. आम्हीही तिथेच! त्याच साधनात सिग्नलचे बळ उणे आकड्यांत दिसते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० पर्यंत काम चालते, उणे ८० म्हणजे दिवा विझत आलेला. ओसरीवर उणे ६१ होते. बरे होते.

मार्गिका बदलून अकरा केली. थोडा फरक पडला, पण वहीतल्या त्या तीन रात्रींचे कोडे सुटेना. शेजाऱ्यांचे राउटर तर रोजच चालतात. आमचेच दुखणे तीन रात्रींचे का?

तेव्हा मुलीने शेवटची परीक्षा घेतली. चक्र फिरू लागताच घरातली सगळी यंत्रे वायफायवरून काढली. टीव्ही, आईचा फोन, तिचा स्वतःचा फोन. काही फरक नाही. शेवटी ती माजघरात गेली आणि माझा फोन घेऊन आली. काही बोलली नाही, पडदा माझ्यापुढे धरला. तिथे लिहिले होते : बॅकअप चालू, ७४ टक्के.

मी कविसंमेलनाला जातो तेव्हा फोनवर चित्रण करून घेतो. स्वतःचे तर हमखास. तासाभराचे चित्रण सात-आठ गिगाबाइट सहज होते. जेवण झाले की नवाच्या सुमारास फोन माजघरात चार्जिंगला लावायचा आणि अकराला झोपताना काढून उशाशी घ्यायचा, ही माझी सवय. फोनमध्ये अशी सोय लावलेली होती की चार्जिंगला लागला की त्याने सगळी चित्रणे आपोआप वर चढवावीत. दोन तासांत जेवढे चढेल तेवढे, उरलेले उद्या. तीन रात्रींत काम फत्ते. वहीतल्या तारखा आणि माझ्या खिशातल्या डायरीतल्या संमेलनांच्या तारखा आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या. धुळे, मग दोन दिवस चक्र. दोंडाईचा, मग तीन दिवस चक्र. पासवर्ड बदलल्यावर जे दोन दिवस सुरळीत गेले, ते धुळ्याचे चित्रण संपल्यामुळे गेले होते.

पण एका फोनने साऱ्या घराचे वायफाय कसे अडवावे? माजघरात, दोन जाड भिंतींपलीकडे, सिग्नल होता उणे ८१. इतक्या लांबून फोन आणि राउटर एकमेकांशी फार सावकाश बोलतात, नाहीतर शब्द कळत नाहीत. आणि हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असा वायफायचा नियम. नळावर प्रत्येकाला एक हंडा अशी पाळी आहे समजा. एकाने हंडा नळाखाली न लावता तांब्या तांब्याने भरायला घेतला, तर त्याला हंडा एकच मिळतो, पण रांग सगळी खोळंबते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्येच हे दाखवून दिले होते की एक संथ यंत्र सगळ्यांना आपल्या चालीवर आणते. नव्या राउटरांमध्ये पाळी हंड्याची न ठेवता वेळेची ठेवण्याची सोय असते. आमचा जुना होता.

उपाय पंधरा मिनिटांचा निघाला. राउटर कपाटामागून काढून ओसरी आणि माजघर यांच्या मधल्या दारावर, फळीवर ठेवला. अँटेना उभ्या केल्या. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला; ती लाट भिंतीपलीकडे फारशी जात नाही, पण ओसरीपुरती मोकळी वाट मिळते. राउटर पत्र्याखाली मात्र ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तापून आपोआप बंद-चालू होतो. माझ्या फोनला चार्जिंगची जागा बदलून दिली, फळीजवळच, आणि आपोआप चढवण्याची सोय बंद केली. आता चित्रण मी सकाळी चढवतो. त्यातले बरेचसे चढवण्याआधीच पुसतो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर नवा पासवर्ड लिहून मी आप्पांकडे गेलो. काय घडले ते सगळे सांगितले. आप्पांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, मुलाला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितले. पासवर्डचा विषय त्यांनी काढला नाही. पोरगा अठरा दिवस रात्री सायकलने गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे जाऊन अभ्यासाचे व्हिडिओ पाहत होता, हे मला नंतर मुलीकडून कळले. तो परवा आमच्याकडे आला होता. राउटर आणखी दोन वीत वर घेतला तर त्याच्याही खोलीत उणे ६५ मिळतील, असे मोजून सांगून गेला. रविवारी खिळे ठोकायला येतो म्हणाला आहे.