ताजा मासा घरी शिजवणे: भिलाईच्या नेहरू नगरातील नवशिक्यांसाठी

पाठाची उद्दिष्टे
या पाठानंतर तुम्हाला ताजा मासा ओळखता येईल, तो सुरक्षितपणे साफ करून घेता येईल आणि तीन सोप्या पद्धतींनी शिजवता येईल.

१. आपल्याकडचा मासा कोणता?
मराठी पाककृतींत मासा म्हटले की बहुधा पापलेट, सुरमई, बांगडा येतात. हे सगळे समुद्रातले मासे. नेहरू नगरापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, त्यामुळे ते इथे बर्फात ठेवून आणावे लागतात. जवळच्या तळ्यांतून आणि जलाशयांतून ताजे येतात ते रोहू, कटला आणि मृगळ. विदर्भातून भिलाईत आलेल्या कुटुंबांना हे मासे नवे नाहीत; भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांतही (माजी मालगुजारी तलावांत) हेच वाढवले जातात.

हे मासे साठलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हीरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प कुळातील माशांचे प्रजनन घडवून आणले. पुढे याच तंत्राने गावोगावच्या तळ्यांना बीज मिळू लागले.

मात्र समुद्री माशाची कृती या माशांना जशीच्या तशी लावू नका. यांच्यात बारीक काटे जास्त असतात आणि कधी कधी चिखलाचा वास येतो.

२. ताजेपणाची परीक्षा
- डोळे: फुगीर आणि स्वच्छ. खोल गेलेले, दुधाळ डोळे म्हणजे मासा शिळा.
- कल्ले: उचलून पाहा. लाल असावेत, तपकिरी किंवा चिकट नकोत.
- मांस: बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून यावा.
- वास: पाण्याचा चालेल, आंबूस किंवा झोंबणारा नको.

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या व त्यांना जोडलेल्या जलाशयांत मासेमारीला बंदी असते. या दिवसांत बाहेरून बर्फात आलेला माल जास्त असू शकतो, म्हणून ही परीक्षा अधिक काटेकोरपणे करा.

३. साफ करताना
खवले, कल्ले आणि आतडी विक्रेत्याकडूनच काढून घ्या. पोटात हिरवट रंगाची पित्ताची पिशवी असते. ती फुटली तर मांस कडू होते, पण खरा धोका त्याहून मोठा आहे. औषध म्हणून रोहूचे पित्त गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत. शिजवल्यानेही हे विष नाहीसे होत नाही. पित्त टाकूनच द्या.

घरी आणल्यावर तुकड्या धुऊन मीठ, हळद आणि लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ लावून १५ मिनिटे ठेवा. चिखलाचा वास पाण्यातील सूक्ष्मजीव तयार करतात त्या एका द्रव्यामुळे येतो. आंबटपणाने ते द्रव्य मोडते, म्हणून वास कमी होतो. माशाच्या रश्श्यात चिंच, आमसूल किंवा आमचूर घालण्याचा एक फायदा हाही आहे.

४. किती वेळ शिजवायचे?
मटणाला तास लागतो, माशाला मिनिटे पुरतात. माशाचे स्नायुतंतू आखूड असतात आणि त्यांना बांधणारा धागा कमी उष्णतेत विरघळतो. नवशिक्यांच्या हातून मासा कच्चा राहण्यापेक्षा जास्त शिजून कोरडा होतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या तुकडीला ८ ते १० मिनिटे पुरतात. काट्याजवळचे मांस अर्धपारदर्शक न राहता पांढरे झाले आणि सहज सुटले की मासा शिजला. गोड्या पाण्यातला मासा कच्चट खाऊ नका. त्यात परजीवी असू शकतात.

५. तीन सोप्या पद्धती (अर्धा किलो माशासाठी)

तव्यावर तळणे: तुकड्या पुसून कोरड्या करा, ओल्या तुकड्या तेल उडवतात आणि तव्याला चिकटतात. दोन चमचे तिखट, एक चमचा आले-लसूण वाटण आणि मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवा. तेल चांगले तापल्यावर तुकड्या सोडा आणि ४ मिनिटे हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की तुकडी आपोआप सुटते. मग उलटून आणखी ४ मिनिटे ठेवा.

रस्सा: कांदा आणि सुके खोबरे भाजून लसणासह वाटा. तेलात वाटण परता, तिखट, हळद, धणेपूड घाला, दोन वाट्या गरम पाणी आणि चिंचेचा कोळ घालून उकळी आणा. मसाला पूर्ण शिजल्यावरच मासा सोडा. नंतर पळी फिरवू नका, भांडेच हलवा. मंद आचेवर ८ ते १० मिनिटांत रस्सा तयार होतो.

वाफवणे: सर्वांत सोपी, कमी तेलाची पद्धत. तुकड्यांना वाटलेली मोहरी, हिरवी मिरची, मीठ आणि थोडे तेल लावून झाकणाच्या डब्यात ठेवा. कढईत पाणी उकळून डबा त्यात ठेवा, वर झाकण घाला. १५ मिनिटांत होते.

६. काट्यांची काळजी
पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात दोन फाटे असलेले बारीक काटे असतात. पोटाकडच्या तुकडीत, जिला दुकानात ‘पेटी’ म्हणतात, मोठ्या फासळ्या असतात आणि त्या चटकन दिसतात. लहान मुलांना आणि वृद्धांना हीच तुकडी, हाताने तपासून द्या. दीड-दोन किलोच्या माशाचे काटे लहान माशापेक्षा सोपे जातात. घशात काटा अडकला तर भाताचा घास गिळून तो ढकलू नका, डॉक्टरांकडे जा.

सारांश
ताजा मासा निवडा, पित्त टाका, आंबट लावा, थोडाच वेळ पण पूर्ण शिजवा. उरलेला कच्चा मासा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.

स्वाध्याय
१. माशाला आंबट का लावतात?
२. रश्श्यात मासा शेवटी का घालायचा?
३. बाजारात दोन मासे शेजारी ठेवून डोळे आणि कल्ले यांतील फरक लिहून काढा.